अभ्यासिकेची आसन-नोंदणी: सर्व्हरवरच्या पहिल्या स्क्रिप्टच्या नोंदी

१८ मे

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या अभ्यासिकेत ४८ आसनं आणि तीन पाळ्या: पहाटे ५ ते ११, ११ ते ५ आणि ५ ते रात्री ११. दाराशी रजिस्टर, त्यात नाव, आसन, सही. एरवी एवढ्यात भागतं. मे महिन्यात भागत नाही, कारण कूलर दोनच आहेत आणि त्यांच्या झोतात येणाऱ्या जागा आठ. एमपीएससीची पोरं पहाटेच येऊन आसनावर पुस्तक ठेवून जातात, नंतर आलेला ते पुस्तक बाजूला सारतो, आणि व्यवस्था बघणारे काका दिवसभर निवाडे करत बसतात. आज त्यांनी विचारलंच, "ताई, तुम्ही तर त्याच लाइनमधल्या. हे फोनवरून करता नाही येणार का?"

येईल. पण लिहिणार भाचा आणि त्याची मैत्रीण. तो पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला, ती बीसीएला. दोघांना एचटीएमएल येतं, लूप आणि अ‍ॅरे येतात, सर्व्हरवर चालणारं काहीच लिहिलेलं नाही. मिहानमधलं ऑफिस सुटलं की मी सीताबर्डीपर्यंत मेट्रोनं येते, तिथून महाल. रात्री आठनंतरचा वेळ या कामाचा.

२० मे

भाषा पीएचपी ठरली. मुलांना यूट्यूबवर दिसतं ते नोड आणि रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टची साधनं, म्हणून भाचा थोडा हिरमुसला. माझं कारण साधं आहे: एक फाइल लिहा, फोल्डरमध्ये ठेवा, ब्राउझरात पत्ता टाका, चालली. मध्ये कुठलं बिल्ड (चालवण्याआधी कोड बांधून घेणं) नाही, पॅकेजचा डोंगर नाही. स्वस्तातल्या स्वस्त होस्टिंगवरही पीएचपी असतंच, आणि अभ्यासिकेचं बजेट तेवढंच आहे. रासमुस लेरडोर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या होमपेजसाठी सी या भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि जून १९९५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले केले. तिथून निघालेली ही भाषा आजही तेच काम सरळ करते: फॉर्म आला, बघितला, पान बनवून परत दिलं.

जावास्क्रिप्ट अजिबात वापरायचं नाही, हा दुसरा नियम. पान सजवायला नंतर भरपूर वेळ आहे. आधी सर्व्हर काय करतो ते उघड्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

२१ मे

भाच्याच्या लॅपटॉपवर पीएचपी बसवलं. सोबत येणारा छोटा सर्व्हर (आवृत्ती ५.४ पासून, म्हणजे २०१२ पासून मिळतो) एका कमांडवर चालू होतो, शिकायला तो पुरे.

पहिली फाइल तीन ओळींची. एका व्हेरिएबलमध्ये शून्य, त्यात एक मिळवा, छापा. ब्राउझरात १ आला. भाच्यानं रिफ्रेश केलं. १. परत केलं. १.

"मावशी, हे वाढूनच नाही राहिलं."

मी काही सांगितलं नाही. दोघांनी कोड तीनदा वाचला, त्यात चूक नव्हतीच. मग मैत्रिणीचं लक्ष टर्मिनलकडे गेलं. प्रत्येक रिफ्रेशला तिथे एक नवी ओळ उमटत होती: वेळ, पत्ता, २०० (म्हणजे 'पान दिलं'). ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे प्रत्येक वेळी फाइल नव्यानं चालून राहिली का?"

होय. रिक्वेस्ट आली की स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून सुरू होते, एचटीएमएल तयार करते, पाठवते आणि संपते. तिचे व्हेरिएबल तिच्याबरोबर संपतात. पुढच्या रिक्वेस्टला मागची काहीही आठवण नसते. मग 'व्ह्यू सोर्स' उघडायला लावलं. तिथे नुसता आकडा, पीएचपीची एक ओळही नाही, कारण ब्राउझरापर्यंत पोचतो तो फक्त निकाल.

सीचा प्रोग्राम एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत तोच चालतो, हे मुलांच्या डोक्यात पक्कं असतं. तेच चित्र वेबवर घेऊन आलं की पुढे सगळं अडतं. म्हणून आज याच्या पुढे गेलो नाही.

२४ मे

फॉर्म झाला. नाव, तारीख, पाळी, आसन. फॉर्म पाठवायच्या दोन पद्धती, गेट आणि पोस्ट. आधी गेटनं पाठवला, तेव्हा सगळं पत्त्याच्या पट्टीत दिसलं. मग पोस्टनं पाठवला. नियम असा लिहून घेतला: फक्त बघायचं असेल तर गेट, काही बदलणार असेल तर पोस्ट. आसन रद्द करायचं बटणही पोस्टच. लिंक असली तर कोणीही ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दुसऱ्याच्या हातून नोंद उडवू शकतो, आणि काही ब्राउझर तर लिंक दाबण्याआधीच पान आणून ठेवतात.

तूर्त नोंदी एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहितोय. नोंद झाल्यावर भाच्यानं सवयीनं रिफ्रेश केलं, ब्राउझरानं विचारलं "पुन्हा पाठवायचं का", त्यानं हो म्हटलं आणि फाइलमध्ये तीच नोंद दोनदा आली. यावरचा उपाय जुना आणि पक्का आहे: पोस्टचं काम झालं की पान छापायचंच नाही, ३०३ चा रीडायरेक्ट, म्हणजे 'त्या पानाकडे जा' असा निरोप, पाठवायचा. ब्राउझर मग यादीचं पान गेटनं मागतो, आणि ते हवं तितकं रिफ्रेश करा.

रीडायरेक्ट लिहिल्याबरोबर "हेडर्स ऑलरेडी सेंट" असा इशारा आला. तो प्रत्येक नवशिक्याला येतो, म्हणून सविस्तर लिहिते. सर्व्हरच्या उत्तरात आधी हेडर (उत्तराबद्दलच्या सूचना, रीडायरेक्टही त्यातलाच) जातात, मग मजकूर. मजकुराचं एक अक्षर जरी बाहेर पडलं तरी हेडरची वेळ गेली. इथे जोडलेल्या फाइलमध्ये शेवटच्या पीएचपी टॅगनंतर दोन रिकाम्या ओळी होत्या. त्या ओळी म्हणजेच मजकूर. नुसतं पीएचपी असलेल्या फाइलमध्ये बंद करणारा टॅग लिहूच नये, तो ऐच्छिक आहे. दुसरं कारण असतं फाइलच्या सुरुवातीला एडिटरनं टाकलेला तीन बाइटचा बीओएम, म्हणजे मजकुराचा प्रकार सांगणारी खूण, जी डोळ्यांना दिसतच नाही. आणि हा इशारा एका मशीनवर दिसतो, दुसऱ्यावर दिसत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी सेटिंगमध्ये आउटपुट बफरिंग ४०९६ ठेवलेलं असतं, म्हणजे तेवढे बाइट होईपर्यंत मजकूर बाहेर न सोडता धरून ठेवला जातो. "माझ्याकडे तर चालून राहिलं" हे वाक्य बहुतेक वेळा यातून येतं.

२५ मे

नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. दुपारी लाइट गेली ती संध्याकाळी आली. काम नाही.

२८ मे

डेटाबेस आला: मारियाडीबी, मायएसक्यूएलमधूनच निघालेला. नोंदींचं एकच टेबल. कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८-एमबी-४, टेबलवर आणि जोडणीवरही. दोन्हीकडे लिहिणं गरजेचं आहे. जोडणी वेगळ्या सेटमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात, आणि एकदा साठलेल्या प्रश्नचिन्हातून नाव परत मिळत नाही. मायएसक्यूएलमधला नुसता "यूटीएफ-८" एका अक्षराला तीन बाइटच देतो. देवनागरी त्यात बसते, इमोजी बसत नाही. २०१० च्या सुमारास ५.५ आवृत्तीत एमबी-४ आला, आता त्याच्याखाली उतरायचं कारण नाही.

मग नावाची लांबी. मैत्रिणीनं अट लावली होती की नाव ४० पेक्षा मोठं नको. इंग्रजीत टाकलेली नावं जात होती, मराठी नाव-आडनाव टाकलं की "नाव फार मोठं आहे". एक प्रयोग केला. 'नागपूर' हा शब्द लांबी मोजणाऱ्या तीन फंक्शनना दिला. स्ट्रलेन म्हणालं १८, एमबी-स्ट्रलेन म्हणालं ६, ग्राफीम-स्ट्रलेन म्हणालं ४.

तिन्ही बरोबर. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र ही सहा चिन्हं, म्हणून १८ बाइट. आणि वाचणाऱ्याला दिसतात ना, ग, पू, र: चार. स्ट्रलेन बाइट मोजतं, त्यामुळे १४ चिन्हांचं मराठी नावसुद्धा ४० ओलांडतं. टेबलमधला व्हारकॅर (मजकुराचा रकाना) मात्र चिन्हं मोजतो, म्हणून तपासणीलाही एमबी-स्ट्रलेनच लावलं. आपल्या भाषेत काम करणाऱ्यानं हा प्रयोग एकदा हातानं करावा. इंग्रजी उदाहरणांत तिन्ही आकडे एकच येतात, त्यामुळे शिकवताना हा फरक समोर येतच नाही.

३० मे

यादीत एक नोंद: आसन क्रमांक ०. असं आसन नाही.

शोध घेतला. काकांनी आपल्या फोनवरून करून बघितलं होतं. त्यांचा कीबोर्ड मराठी, त्यांनी टाकलं "१२". पीएचपीला देवनागरी आकडे अंक वाटत नाहीत, आणि मजकुराचा पूर्णांक करायला सांगितला की सुरुवातीला अंक न सापडल्यास ते बिनतक्रार शून्य देतं. काकांनी टाकलं ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि मराठी अभ्यासिकेच्या मराठी पानानं ते घेतलंच पाहिजे. म्हणून आत येणाऱ्या प्रत्येक आकड्यावर आधी एक छोटं फंक्शन: ० ते ९ ही देवनागरी चिन्हं इंग्रजी अंकांत बदला. मग पूर्णांक आहे का, मग १ ते ४८ मध्ये आहे का. यातलं काहीही चुकलं तर शून्य न करता सरळ परत पाठवा आणि काय चुकलं ते मराठीत सांगा.

भाचा म्हणाला, टाइपच करू द्यायचं नाही, यादीतून निवडायला लावू. छान, वापरणाऱ्याला सोपं. मग मी त्याच्याच ब्राउझरात इन्स्पेक्ट (पानाचा कोड दाखवणारी आणि बदलू देणारी सोय) उघडून यादीतल्या १२ ची किंमत ९९९ केली आणि फॉर्म पाठवला. गेला. दोघं बघतच राहिले. यादी, अनिवार्य रकाने, लपवलेले रकाने हे सगळं वापरणाऱ्याच्या मशीनवर आहे आणि त्याच्या हातात आहे. तपासणी सर्व्हरवर, प्रत्येक वेळी, प्रत्येक रकान्याची. यात कोणावर संशय घ्यायचा प्रश्न नाही; काकांचं "१२" आणि माझं ९९९ सर्व्हरला सारख्याच वाटेनं आले.

२ जून

एका दिवसात दोन दारं बंद केली.

पहिलं: नावात "डि'सोझा" टाकलं आणि पान कोसळलं. त्या एका चिन्हानं एसक्यूएलमधला (डेटाबेसला हुकूम द्यायच्या भाषेतला) मजकूर मध्येच संपवला आणि उरलेलं नाव डेटाबेसनं हुकूम म्हणून वाचायला घेतलं. साध्या आडनावानं पान कोसळतं, तर मुद्दाम रचलेल्या मजकुरानं अख्खं टेबल वाचता किंवा पुसता येतं. इलाज: पीडीओचं (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायच्या सोयीचं) प्रिपेअर्ड स्टेटमेंट. हुकूम आधी पाठवायचा, जागा मोकळ्या ठेवून. नाव, आसन मागाहून वेगळं पाठवायचं. जुन्या पुस्तकांत दिसणारी मायएसक्यूएल-क्वेरी वगैरे फंक्शनं पीएचपी ७ मध्ये (डिसेंबर २०१५) काढून टाकली, त्यामुळे तो कोड उतरवला तर आज चालणारच नाही. बरंच झालं.

दुसरं: मैत्रिणीनं नावाच्या आधी ठळक अक्षराचा टॅग टाकला आणि तिथून खालची सगळी यादी ठळक झाली. टॅगच्या जागी स्क्रिप्ट असती तर ती प्रत्येक बघणाऱ्याच्या फोनवर चालली असती. म्हणून पानावर छापताना प्रत्येक मजकूर एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स या फंक्शनमधून. साठवताना बदल करायचा नाही, छापताना करायचा. तोच मजकूर उद्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या यादीत) किंवा एसएमएसमध्ये जायचा असेल, आणि तिथले नियम वेगळे.

५ जून

हा दिवस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांब.

भाच्याचा कोड वाचायला निर्दोष: आसन रिकामं आहे का ते सिलेक्टनं (वाचायच्या हुकमानं) बघ, रिकामं असेल तर इन्सर्ट (नोंद भरायचा हुकूम) कर. मी विचारलं, पहाटे पाच वाजता दोन पोरांनी कूलरसमोरचं ७ नंबर एकाच क्षणी दाबलं तर? तो म्हणाला, एक पहिला असेलच ना.

बघू म्हटलं. सिलेक्ट आणि इन्सर्टच्या मध्ये दहा सेकंद थांबायची ओळ टाकली, दोन फोनवरून एकदम दाबलं. दुसऱ्याला "आसन भरलेलं आहे" असं आलं. भाचा खूश. पण हे यश त्या छोट्या सर्व्हरचं होतं: तो एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो, दुसरी रांगेत उभी राहते. तोच फोल्डर अपाचेवर, म्हणजे एका वेळी अनेक रिक्वेस्ट घेणाऱ्या सर्व्हरवर, ठेवला, परत दोन फोन. दहा सेकंदांनी दोन्हीकडे "आसन ७ तुमच्या नावावर". डेटाबेसमध्ये दोन ओळी, दोन नावं, एक आसन.

मैत्रिणीनं कारण अचूक सांगितलं: दोन रिक्वेस्ट म्हणजे स्क्रिप्टच्या दोन प्रती, एकीला दुसरीचं काही माहीत नाही, दोघींनी बघितलं तेव्हा आसन खरंच रिकामं होतं. २१ मेची ती तीन ओळींची फाइल तिला बरोबर आठवली.

दोन प्रतींनी जे सामाईक बघायचं ते डेटाबेसमध्ये, म्हणून निवाडाही तिथेच. तारीख, पाळी आणि आसन या तिन्ही रकान्यांवर मिळून एक युनिक इंडेक्स, म्हणजे ही जोडी टेबलात दुसऱ्यांदा येऊच न देणारा नियम. आता आधी बघायचं नाहीच. सरळ इन्सर्ट करायचं. दुसऱ्याला डेटाबेस १०६२ ही दुहेरी नोंदीची त्रुटी देतो, पीडीओमध्ये ती २३००० च्या एक्सेप्शनमधून हातात येते. ती पकडायची आणि सांगायचं, "हे आसन आत्ताच गेलं, दुसरं निवडा". परत दोन फोन, मध्ये थांबायची ओळ तशीच ठेवून. एकालाच मिळालं. तेच आणखी काही वेळा केलं, दर वेळी एकालाच.

(हा प्रयोग एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये करू नये. सेशन (लॉगिन लक्षात ठेवायची सोय, पुढे येईल) सुरू असेल तर पीएचपी सेशनची फाइल कुलूपबंद करतं, दुसरा टॅब वाट बघतो आणि दोष लपून राहतो.)

एक जोडप्रश्न निघाला. रद्द केलेली नोंद "रद्द" अशी खूण करून टेबलात ठेवली तर युनिक इंडेक्स ते आसन पुन्हा देऊ देत नाही. म्हणून रद्द नोंद दुसऱ्या टेबलात हलवायची. हलवणं आणि पुसणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी अर्धवट राहणार नाही.

९ जून

लॉगिन. विद्यार्थ्यांचं आणि काकांचं. पासवर्ड उलट वाचता न येणाऱ्या ओळीत (हॅशमध्ये) बदलणारं पासवर्ड-हॅश फंक्शन (५.५ पासून, २०१३), रकाना २५५ चा. आज बीक्रिप्ट या पद्धतीचा हॅश ६० अक्षरांचा येतो, पण पुढे पद्धत बदलली तर लांबी वाढू शकते. भाच्यानं विचारलं, काका पासवर्ड विसरले तर आपण कसा सांगायचा? सांगता येणारच नाही, नवा घ्यायचा. कोणाचाही पासवर्ड वाचता न येणं हेच आपल्याला हवंय.

सेशन म्हणजे काय हे आता पटकन कळलं: सर्व्हर एक लांबलचक ओळखक्रमांक बनवून कुकीत देतो, ब्राउझर तो प्रत्येक रिक्वेस्टला परत आणतो, आणि विसरभोळ्या स्क्रिप्टला माणूस ओळखता येतो. लॉगिन झाल्याबरोबर हा क्रमांक बदलायचा.

लॉगिन असूनही पत्त्यात नोंदीचा आकडा ५७ चा ५८ केला तर दुसऱ्याची नोंद उघडत होती, फोन नंबरसकट. माणूस कोण आहे हे तपासलं होतं, नोंद त्याची आहे का हे नव्हतं. प्रत्येक क्वेरीत "आणि सदस्य हाच" जोडलं. अभ्यासिकेत मुली बऱ्याच आहेत. त्यांचे नंबर असे उघडे पडणं मला चालणार नाही. नंबर फक्त काकांच्या पानावर.

१४ जून

होस्टिंगवर चढवलं. त्रुटी पडद्यावर दाखवणं बंद, लॉग फाइलमध्ये लिहिणं चालू. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल पब्लिक फोल्डरच्या बाहेर. एचटीटीपीएस चालू, कुकीला सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जाणारी) आणि एचटीटीपी-ओन्ली (जावास्क्रिप्टला न वाचता येणारी). निम्म्या पोरांनी आजच वापरलं.

१७ जून

सकाळी एका मुलाची तक्रार: "पहाटे पावणेपाचला आजची पाळी घेतली, आलो तर म्हणतात कालची आहे." काकांनी तरी बसवलं त्याला.

मुलांना म्हटलं, कोड उघडण्याआधी घड्याळ बघा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपण साडेपाच तास पुढे. आपल्याकडे पहाटेचे ४:४५ म्हणजे तिथे आदल्या दिवसाचे रात्री ११:१५, आणि स्क्रिप्टनं "आज" तिथूनच घेतलं. रात्री बारा ते साडेपाच या वेळात केलेली प्रत्येक नोंद अशीच गेली असणार. दिवसा तपासलं तर हे कधीच सापडलं नसतं. पीएचपीचा टाइमझोन एशिया/कोलकाता केला, डेटाबेसच्या जोडणीवर +०५:३० लावलं, कारण तिथलं 'आत्ता' वेगळं चालतं. आपल्याकडे घड्याळं मागेपुढे करत नाहीत, तेव्हा ठरावीक आकडा चालतो. चुकीच्या तारखेच्या नोंदी मैत्रिणीनं एकेक फोन करून दुरुस्त केल्या.

२२ जून

पाऊस आला. कोडमध्ये काही नाही. भाच्यानं लॉग वाचायची सवय लावून घेतली आहे, रोज संध्याकाळी. त्याला त्यात कोणीतरी वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधत असल्याच्या ओळी दिसल्या आणि तो घाबरला. आपण वर्डप्रेस वापरतच नाही. अशा शोधत फिरणाऱ्या प्रोग्रामांची वर्दळ इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरवर असते. ४०४, म्हणजे 'असं पान नाही' हे उत्तर जातं, जाऊ द्या.

२८ जून

बॅकअप. रात्री २ वाजता क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्राम), डेटाबेसचा डम्प (सगळ्या नोंदींची फाइल), नावात तारीख, दुसऱ्या ठिकाणी प्रत. हे तासाभराचं काम होतं. पण बॅकअप परत बसवून बघितल्याशिवाय तो बॅकअप म्हणायचा नाही, म्हणून मैत्रिणीच्या लॅपटॉपवर रिकाम्या डेटाबेसमध्ये डम्प भरला. ओळींची संख्या जुळली. नावं उघडली तर मराठी नीट, काना-मात्रांसह. युनिक इंडेक्सही आला आहे ना, ते तिनं मी न सांगता तपासलं: तीच तारीख, तीच पाळी, आसन ७, दोनदा इन्सर्ट. दुसऱ्यांदा १०६२.

काकांना महिन्याच्या फीची पावतीही याच पानावर हवी आहे. टेबल कसं असावं ते दोघांनी कागदावर काढून आणायचं, रविवारी बघू.